वरचे गाव आणि खालचे गाव



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ऋषीच्या कुळाशी आम्हांला काही कर्तव्य नाही. नदीचे मूळही आम्ही विचारीत नाही. ते डोंगरात असते आणि तेथे पाणी बहुधा निर्मळच असते. आमचा प्रश्न मधल्या वाटेचा आहे. मुळापासून आपल्या घाटापर्यंत येईतो नदीत कोणी काय सोडले, आणि आपल्या घाटापासून पुढे जाताना आपण तिच्यात काय सोडतो, हे विचारावयास कोणत्याही म्हणीची आडकाठी नाही.

या व्यासपीठावरून आपण राजेरजवाड्यांचा, संतांचा आणि साम्राज्यांचा इतिहास ऐकला आहे. आज गटारीचा इतिहास ऐकावयाचा आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीला थांबले. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत झाले. गेली तीस वर्षे आमचा बराच काळ नगरपालिकांच्या सफाई कामगारांत गेला. ज्या माणसांची हजेरी, पगार आणि रजा यांसाठी आम्ही भांडलो, ती माणसे गावासाठी नेमके काय करतात हे समजून घ्यावे, म्हणून आम्ही या विषयाची पुस्तके हाती घेतली. वाचता वाचता ध्यानात आले की या इतिहासातही गिरण्या आहेत, साथी आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत आणि एक मोठा संपसुद्धा आहे. तो सर्व इतिहास तासाभरात सांगणे शक्य नाही. म्हणून एका गिरणगावापासून आरंभ करतो.

मेरिमॅकचा काठ

अमेरिकेच्या ईशान्येस मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथील मेरिमॅक नदीच्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. वरच्या अंगाला लोवेल आणि तेथून सुमारे नऊ मैल खाली लॉरेन्स. बॉस्टनच्या भांडवलदारांनी १८४५ साली लॉरेन्स वसवायला घेतले, नदीवर धरण बांधले आणि कालव्यांच्या काठी गिरण्यांच्या रांगा उभारल्या. गिरण्यांमागून मजूर आले आणि मजुरांमागून दाट वस्ती आली. लोवेलचे लोक नदीचे पाणी पीत आणि आपला मैला नदीतच सोडीत. तेच पाणी नऊ मैल वाहत लॉरेन्सला जाई आणि लॉरेन्सचे लोक ते पीत.

त्या काळी जाणत्या माणसांचीही अशी समजूत होती की वाहते पाणी काही मैलांत आपोआप शुद्ध होते. ही समजूत अगदीच खोटी नव्हती. ती अपुरी होती. १८९० च्या हिवाळ्यात लोवेलमध्ये टायफॉइडची साथ आली. विल्यम सेजविक या जीवशास्त्रज्ञाने घरोघर फिरून माहिती जमवली. लोवेलच्या वर, नॉर्थ चेम्सफर्ड या वस्तीत, ओढ्याच्या काठी राहणाऱ्या लोकांत आधीच टायफॉइड होता, आणि त्यांच्या संडासांतील घाण ओढ्यात पडत होती. ओढा नदीला मिळत होता आणि नदी लोवेलच्या नळांना. लोवेलमागून लॉरेन्समध्येही ताप पसरला. वरच्या वस्तीचा आजार पाण्यावर बसून खालच्या वस्तीत कसा उतरतो, याचा हा धडा होता. येथे त्या ओढ्याकाठच्या कामगारांना दोष देऊन चालणार नाही. त्यांना संडास कोठे बांधावा हे विचारणारा कोणी नव्हता, आणि दुसरी जागा देणारा तर नव्हताच.

याच लॉरेन्समध्ये १८८७ साली राज्याच्या आरोग्य मंडळाने एक प्रयोगशाळा उघडली होती. हायरम मिल्स हे तिचे कर्तेधर्ते. ते गिरण्यांना पाणी पुरविणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर असून मंडळाचे सभासदही होते. पाण्याचे रासायनिक पृथक्करण बॉस्टनला होई. त्या कामात एलेन स्वॉलो रिचर्ड्स ही बाई होती. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. लॉरेन्सच्या प्रयोगशाळेत मोठमोठ्या टाक्यांत वाळू, माती, खडी असे निरनिराळे थर भरले आणि त्यांवर मैलापाणी सोडून खालून काय बाहेर पडते ते वर्षानुवर्षे पाहिले.

आता वाळूतून गढूळ पाणी गाळले तर ते निवळते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. येथे नवीन निघाले ते वेगळेच. वाळू काढून टाकून केवळ खडे ठेवले, इतके मोठे की मैल्याचा कण त्यांत अडकूच नये, तरीही पाणी शुद्ध होऊन बाहेर पडू लागले. मात्र त्याला दोन अटी होत्या. पाणी अगदी थोडे थोडे सोडायचे आणि मध्ये विसावा द्यायचा, म्हणजे खड्यांच्या फटींत हवा खेळत राहील. ही अट मोडून एकसारखे पाणी ओतले की थर नासे आणि दुर्गंधी सुटे. याचा अर्थ असा की शुद्धीकरण खडे करीत नव्हते. खड्यांवर जी बुळबुळीत साय धरत होती तिच्यातील जिवाणू ते काम करीत होते, आणि त्या कामाला त्यांना हवा लागत होती.

नदीचा श्वास

हे नीट समजावे म्हणून थोडा हिशेब मांडतो. मैलापाणी म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. हजार भागांत एखादा भाग घाण. हा एक भाग जिवाणूंचे अन्न आहे. अन्न मिळाले की जिवाणू वाढतात, आणि आपल्याप्रमाणेच त्यांनाही श्वासाला प्राणवायू लागतो. नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार नसतो. आपल्या उन्हाळ्यातील तीस अंशांच्या पाण्यात तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. थंड मुलखातल्या दहा अंशांच्या पाण्यात अकराच्या वर. उलट घरगुती मैलापाण्याच्या एका लिटरला पाच दिवसांत दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू हवा असतो. म्हणजे एक लिटर मैलापाणी तीसेक लिटर चांगल्या पाण्याचा श्वास ओढून घेते. प्राणवायू संपला की मासा तडफडून वर येतो आणि पाणी काळे पडते. मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू राज्य करू लागतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो.

वाहते पाणी शुद्ध होते ही जुनी समजूत अपुरी का, ते यावरून कळेल. नदी स्वतःला शुद्ध करते, पण आपल्या श्वासाच्या मापाने. दहा घरांचे सांडपाणी ती पचवील. दहा हजार घरांचे पचवणार नाही. शुद्धीकरण केंद्र म्हणजे दुसरे काही नव्हे. नदीने दहा-वीस मैलांत जे काम केले असते ते चार भिंतींत, थोड्या तासांत आणि नदीचा श्वास न घेता उरकणे. निसर्गाचेच काम, पण ते नेमून दिलेल्या जागी करून घ्यावयाचे.

पुढे १९१२ साली इंग्लंडच्या शाही आयोगाने या कामाला माप घालून दिले. सोडलेल्या पाण्यात लिटरला तीस मिलिग्रॅमहून अधिक गाळ नसावा आणि पाच दिवसांची प्राणवायूची ओढ वीस मिलिग्रॅमहून अधिक नसावी. जगभर हे माप गाजले. पण त्याच्या पोटात एक अट होती: असे पाणी ज्या नदीत सोडायचे तिच्यात त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असावे. इंग्लंडात पाऊस बारमाही. आपल्याकडे वैशाखात नदीचा ओढा होतो, आणि काही ठिकाणी तर नाल्याचेच पाणी नदी म्हणून वाहते. आठपट स्वच्छ पाणी आणावयाचे कोठून? तेव्हा इंग्रजांना जेवढे शुद्धीकरण पुरले तेवढे आपल्याला पुरेल असे मानणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून मिरवणे होय.

लॉरेन्सने घेतलेला अर्धा धडा

आता पुन्हा लॉरेन्सकडे वळू. टायफॉइडच्या साथीनंतर मिल्स यांनी गावासाठी वाळूचा मोठा गाळणहौद बांधला आणि १८९३ साली तो सुरू झाला. लॉरेन्समधील टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने उतरले. येथवर सर्व ठीक झाले. परंतु हा गाळणहौद पिण्याच्या पाण्याचा होता. लॉरेन्सचा मैला पूर्वीसारखाच, कच्चा, नदीत जात राहिला आणि लोवेलचाही तसाच जात राहिला. ज्या गावात सांडपाणी शुद्ध करण्याचे शास्त्र जन्मले, त्याच गावाचे सांडपाणी शुद्ध झाले नाही!

याचे कारण अज्ञान नव्हे, हिशेब होता. याच प्रयोगशाळेत तयार झालेले ॲलन हेझन हे नामांकित इंजिनिअर पुढे लिहितात की, वरच्या गावाने मैला शुद्ध करून सोडण्यापेक्षा खालच्या गावाने पाणी गाळून प्यावे, हे सामान्यतः स्वस्त पडते. हिशेबात चूक काढणे कठीण आहे. पण त्या वहीत माशांचे खाते नव्हते, नदीवर पोहणाऱ्या मुलांचे नव्हते, काठच्या कोळ्यांचे नव्हते. शिवाय ज्या खालच्या गावाजवळ गाळणहौद बांधायला पैसा नाही त्याचेही नव्हते. कामगार चळवळीत आमच्या कानांवर हा हिशेब अनेकदा आला आहे. गिरणीतील धुळीवर पंखा बसविण्यापेक्षा खोकणाऱ्या मजुराला औषध देणे स्वस्त पडते, असे सांगणारे मॅनेजर आम्ही पाहिले आहेत. स्वस्त कोणाला, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

मेरिमॅकची दशा पुढे इतकी खालावली की देशातील अत्यंत घाणेरड्या नद्यांत तिची गणना होऊ लागली. अखेर १९७२ साली अमेरिकेत जलशुद्धीचा कडक कायदा झाला, केंद्राने पैसा दिला, आणि त्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स परिसराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. प्रयोगशाळा १८८७ ची. केंद्र जवळजवळ नव्वद वर्षांनी! शास्त्र हाती येणे आणि ते लोकांच्या उपयोगी पडणे यांत तीन पिढ्या गेल्या. कायदा आणि लोकांचा रेटा नसेल तर शास्त्र कपाटात राहते, हा त्या गावाने आपल्याला दिलेला दुसरा धडा.

बाटलीतला गाळ

लॉरेन्सचे आणखी एक देणे आहे. १९१२ सालच्या जानेवारीत त्या गावात मोठा संप झाला. स्त्रिया आणि मुले यांचे कामाचे तास आठवड्याला छप्पन्नवरून चौपन्नवर आणणारा कायदा आला, तेव्हा मालकांनी पगारही तेवढाच कापला. पगाराची पाकिटे उघडताच पोलिश बायकांनी माग थांबविले. अनेक देशांतून आलेले, परस्परांची भाषा न जाणणारे वीस हजारांवर कामगार बाहेर पडले आणि मार्चमध्ये वेतनवाढ घेऊनच आत गेले. पुढे हा लढा ‘भाकरी आणि गुलाब’ या नावाने ओळखला गेला. कामगार चळवळीच्या माणसाला लॉरेन्सचे नाव ठाऊक असते ते यामुळे. आम्हांलाही ते तसेच ठाऊक होते. प्रयोगशाळेचा पत्ता मागाहून लागला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मँचेस्टरचे गिल्बर्ट फाउलर हे रसायनशास्त्रज्ञ लॉरेन्सची प्रयोगशाळा पाहावयास आले. तेथे बाटल्यांत मैलापाणी भरून त्यांतून हवा सोडण्याचे प्रयोग चालले होते. मायदेशी परतल्यावर फाउलर यांनी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांस तसेच प्रयोग करावयास सांगितले. मैलापाण्यात एकसारखी हवा सोडली तर ते पूर्ण शुद्ध व्हायला आधी पाच आठवडे लागले. मग या दोघांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळ पाणी ओतून टाकले, तळाचा गाळ मात्र टाकला नाही, आणि त्याच गाळावर नवे मैलापाणी भरले. दर खेपेस असेच केले. प्रत्येक खेपेस वेळ कमी होत गेला आणि अखेर जे काम पाच आठवड्यांचे होते ते चोवीस तासांत होऊ लागले. जो गाळ सगळे जग टाकून देत होते तोच कामाचा निघाला, कारण त्यात सराईत जिवाणूंची फौज तयार झाली होती. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टर येथे त्यांनी आपला निबंध वाचला. आज जगातील बहुतेक मोठी केंद्रे याच तत्त्वावर चालतात.

हे फाउलर १९१६ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे हे शास्त्र आपल्या देशात आले ते पुष्कळ उशिरा नव्हे. जन्मल्यानंतर दोनच वर्षांनी. त्याच्याही आधी, १८९७ च्या सुमारास, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात बंद टाकीतला मैला कुजवून त्यातून निघणारा वायू उपयोगात आणला होता. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढले, त्यांच्या वस्तीत मैल्यातून जळण काढण्याचा हा उद्योग देशातील अगदी पहिल्यांपैकी होय. १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा केला १९६९ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ चा. तेव्हा शास्त्र नव्हते, संस्था नव्हती, कायदा नव्हता, यांतील कोणतीही सबब आपल्याला सांगता येत नाही.

पंचगंगेचा काठ

लॉरेन्सची गोष्ट वाचताना आमच्या डोळ्यांपुढे एक देशी गाव सारखे उभे राहत होते. वरच्या अंगाला कोल्हापूर, खाली इचलकरंजी, मध्ये पंचगंगा. इचलकरंजीही मागांचेच गाव; त्याला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. २०१२ च्या उन्हाळ्यात या गावात काविळीची साथ आली, हजारोंनी माणसे आजारी पडली आणि काही दगावली. असल्या साथीची कावीळ मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते.

आपल्या दाराशी नदी असता इचलकरंजीने पाण्यासाठी कृष्णेपर्यंत नळ नेला. पुढे वारणेचे पाणी आणण्याची योजना निघाली, तेव्हा वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेचे पाणी आणण्याचे ठरले, तेव्हा दूधगंगेचा काठ उठला. त्या गावांचेही काही चुकत नव्हते. आपल्या शेताचे पाणी कोण सुखासुखी देईल? एक नदी नासली की गाव दुसऱ्या नदीकडे जाते आणि शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेते. नासलेल्या नदीची किंमत धरावयाची तर त्या वहीत हे भांडणही लिहावे लागेल. कोल्हापूरने कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र उभारले आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण साधे केंद्र घरचा मैला पचविते. कापडावरच्या रंगांची आणि रसायनांची व्यवस्था कारखान्यांनी वेगळी करावी लागते. ती जिवाणूंच्या गळी उतरविता येत नाही. इचलकरंजीच्या खाली शिरोळ तालुक्यातील गावे आहेत, आणि त्यांच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. खालच्या गावाच्या खाली आणखी गाव असतेच.

देशाचा हिशेबही ऐकून ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची शक्ती ३१,८४१ दशलक्ष लिटरांची, आणि त्यांत प्रत्यक्ष शुद्ध होत होते ते २०,२३६ दशलक्ष लिटर. शंभर बादल्यांतील अठ्ठावीस बादल्या. बाकीच्या बहात्तर नदी-नाल्यांत, तळ्यांत नाहीतर जमिनीत. यातही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जेवढी केंद्रे बांधली तेवढीही पुरती चालत नाहीत. बांधणे आणि चालविणे ही दोन वेगळी कामे आहेत. बांधण्याला पाटी असते, उद्घाटन असते, फोटो असतो. चालविण्याला दरमहा विजेचे बिल आणि दरमहा पगार असतो.

रात्रपाळी

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान नगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातील चार कामगार आमच्याकडे आले. ते ठेकेदाराकडचे होते. चार महिने पगार नव्हता. आम्ही त्यांच्याबरोबर केंद्र पाहावयास गेलो. पहिल्यांदा जाळी, जिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या अडकतात. त्यामागे वाळू बसण्याचा हौद. मग हवेचा मोठा हौद, ज्यात ब्लोअर चालू असला की तपकिरी पाणी उकळल्यासारखे दिसते. त्यापुढे गाळ बसण्याचा गोल हौद, जेथून गाळाचा काही भाग पुन्हा हवेच्या हौदात पाठवितात. शेवटी क्लोरीन, आणि बाजूला गाळ वाळविण्याचे वाफे. मँचेस्टरच्या त्या बाटलीचेच हे थोरले रूप. हवेच्या हौदातील जिवाणू हेही एका परीने रात्रंदिवस पाळी करणारे कामगारच. रजा मागत नाहीत, बोनस मागत नाहीत. त्यांची मागणी एकच: हवा. ती काही तास बंद झाली की ते गुदमरतात, आणि एकदा मेलेली फौज पुन्हा उभी करायला कित्येक दिवस लागतात.

चहा पिताना एक जण सहज बोलून गेला की, रात्री दहाला ब्लोअर बंद करतात आणि पहाटे सुरू करतात. वहीत मात्र ‘चालू’ असे लिहावयाचे. विजेचे बिल वाचावे म्हणून वरून तसा हुकूम होता. आम्ही काय केले? आम्ही म्हणालो, आधी पगाराचे पाहू, ब्लोअरचे मागून. पगार हा आमचा विषय आणि नदी हा दुसऱ्या कोणाचा तरी, असे आम्ही तोवर मानीत आलो होतो. तेव्हा त्यांतला वयाने थोर गडी म्हणाला, “भाऊ, पगार तर पायजेच. पर माझी लेक खालच्या गावात दिलीया. तिथं ह्येच पाणी पित्यात.”

चार महिने ज्याच्या घरात पगार आला नव्हता, त्याने हे सांगितले. आमची वाचलेली सगळी पुस्तके त्या वाक्यापुढे फिकी पडली. दर रात्री ‘चालू’ असे खोटे लिहिताना त्या माणसाच्या मनात काय होत असेल! आम्ही मागणीपत्रात दोन कलमे एकत्र घातली: थकलेला पगार द्या, आणि वहीत खरे तेच लिहू द्या. पगार तीन महिन्यांच्या खटपटीने मिळाला. ब्लोअर रात्रीचा चालू झाला, पुढे एकदा पुन्हा बंद झाला आणि आम्ही पुन्हा चालू करविला. यात मोठा विजय झाला असे आम्ही म्हणत नाही. एवढेच कळले की नदीची पहिली खबर इंजिनिअरला नव्हे, कलेक्टरला नव्हे, तर रात्रपाळीच्या कामगाराला असते. तो कायम असला, त्याचा पगार वेळेवर झाला आणि खरे बोलल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नसली, तर ती खबर गावापर्यंत पोचते.

दुसरी गोष्ट थोडक्यातच सांगतो. ती लांबवून सांगण्याचे बळ आमच्यात नाही. आमच्या संघटनेतील एक तरुण तुंबलेले चेंबर मोकळे करण्यासाठी आत उतरविला गेला आणि वर आला तो मेलेलाच. प्राणवायू संपलेल्या मैल्यातून जो वायू नदीवर दुर्गंधी आणतो, तोच बंद चेंबरमध्ये माणसाला क्षणात आडवा करतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला असे उतरविण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंबद्दल दहा लाख रुपये द्यावयास सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. न्यायालयाला रक्कम वाढवावी लागली, यातच माणसे अजून उतरविली जातात याची कबुली आहे. नदी वाचविण्यासाठी माणूस मारावयाचा असेल, तर तसले शुद्धीकरण आम्हांला नको. यंत्रे आहेत, ती घ्यावीत. ती घेण्यास पैसा नसेल तर उद्घाटनाचा मंडप लहान करावा.

आपले गाव

आता आपल्या गावाविषयी. आपण नदीची गोष्ट करताना स्वतःला नेहमी खालचे गाव समजतो. वरच्यांनी घाण सोडली, कारखान्यांनी सोडली, आपण बिचारे सोसतो, असे आपले बोलणे असते. त्यात खरेही पुष्कळ आहे. पण आपल्या खालच्या गावी जाऊन तेथल्या पाणवठ्यावर कोणी आपल्याविषयी काय बोलतो, हे ऐकून यावे. लोवेल हे लॉरेन्सचे वरचे गाव; पण नॉर्थ चेम्सफर्ड हे लोवेलचेही वरचे गाव होते, आणि लॉरेन्सच्या खाली समुद्रापर्यंत आणखी गावे होती. वरचे आणि खालचे ही नुसती बसण्याची जागा आहे. नदीच्या काठी प्रत्येकाच्या वाट्याला ती दोन्ही येते.

तेव्हा आम्ही आपल्याजवळ चार गोष्टी मागतो. पहिली, शुद्धीकरण केंद्राचे दरमहाचे विजेचे बिल आणि ब्लोअर किती तास चालला याचा आकडा नगरपालिकेच्या फळ्यावर लागावा. तो वाचायला विद्वान असण्याची गरज नाही, बिल अर्ध्यावर आले की काहीतरी बंद होते हे कोणालाही कळेल. दुसरी, अंदाजपत्रकात केंद्र बांधण्याच्या रकमेइतकेच ते चालविण्याच्या रकमेकडे नगरसेवकांनी आणि आपण लक्ष द्यावे. तिसरी, आपल्या घराचे सांडपाणी नळीने गटारयोजनेला जोडले आहे की उघड्या नाल्यात जाते, हे आज घरी गेल्यावर पाहावे. जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही ते कोणताही जिवाणू शुद्ध करू शकत नाही. चौथी, चेंबरमध्ये माणूस उतरलेला दिसला तर नाक दाबून पुढे जाऊ नये. थांबावे आणि विचारावे, याला कोणी उतरविले?

पहिल्या मागणीला कायद्याची अडचण आहे असे कोणी सांगेल. तशी कोणतीही अडचण आमच्या वाचनात आलेली नाही. खर्चाची अडचण सांगेल. फळा आणि खडू यांचा खर्च आमची संघटना देईल.

त्या वयस्क कामगाराची लेक अजून खालच्या गावातच नांदते आहे. तिला आता दोन मुले आहेत. तो स्वतः अजून त्याच केंद्रावर रात्रपाळी करतो, आणि आम्ही भेटलो की रामराम झाल्यावर आधी ब्लोअरचे सांगतो, मग घरचे.